साडेचार हजारांच्या वर

भुसावळ, दुपारी दीड. शटर अर्ध्यावर,
तरी ऊन खालून सरपटत आत येतं,
पान्यांना हात लावू देत नाही.
बाकावर तेलकट फडक्यात कॅमच्या दोन जोड्या:
एकीचा उंचवटा गोल, जेवून उठलेल्या माणसाच्या पोटासारखा,
दुसरीचा टोकदार,
ऐन विशीतल्या पोराच्या कंठासारखा.
ही दुसरी मी कोइमतूरहून मागवली,
घरी क्लचप्लेटा सांगून.

इद्रिसचाचा तिच्याकडे बघतही नाहीत.
"कोठे जास रे सरोदे, तू रोज?"

रोज रावेर. बुधवारी नि शनिवारी पाल.
लोकांच्या केळीत ठिबक बसवतो मी,
तासाला चार लिटर, थेंब इकडचा तिकडे नाही.
आणि संध्याकाळी माझ्या साडेतीनशेच्या बुलेटला
मात्र मला पूर हवा असतो.

चाचा मेडिकलमधून सिरिंज आणवतात.
हेड उलटं, वर काच, काचेला भोक,
भोकातून रॉकेल, हळू,
जसं आजारी वासराला औषध पाजावं.
मग खिळ्यानं भिंतीवर भागाकार.
नव्या पिस्टननं दाब साडेनऊला नेलाय.
"नाशिकले चालीन. आठे नही."

आठे म्हणजे सावदा फाटा, मे महिना,
पुढे केळीचा ट्रक, आपण पहिल्या गिअरात,
पेट्रोल ठिणगीची वाटच बघत नाही,
आतून कोणी पिस्टनचं दार वाजवत राहतं
आणि एक दिवस ते दार फुटतं.

त्याआधी मापून तर घेऊ, मी म्हणालो.
कृपालीच्या डब्यातली हिरवी माती
पिस्टनच्या डोक्यावर थापली,
टोकदार जोडी चढवली,
इंजिन हातानं फिरवलं, दोन पूर्ण फेरे.
हेड काढलं. माती ब्लेडनं कापली.
व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात
एक मिलिमीटरसुद्धा नाही.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं.
लोखंडच नाही म्हणालं.
मला काही ठरवायचं उरलं नाही.

पण चाचांनी सिलिंडरखाली दीड मिलिमीटरची पत्री सरकवली.
दाब उतरून साडेआठ.
वरची जागा आता सेहेचाळीस सीसी,
बाहेर पाराही सेहेचाळीस,
आणि माती पुन्हा थापून बघितली तर
दोनाच्या वर.
बसते.

आता अडचण लोखंडाची नव्हती.

"ही साडेचार हजारांच्या वर जागी व्हस.
तू तठे किती मिनिटं रास दिवसात?"

वीस, मी म्हणालो.
चाचा काही बोलले नाहीत, चहा बशीत ओतला.
दहा.
फुंकर मारली.
तापीच्या पुलावर, ट्रक नसला, तर एक.
निंभोऱ्यापुढच्या सरळीला दोन.
पालच्या घाटात काहीच नाही,
तिथं दुसऱ्या गिअरला खालचाच जोर लागतो.

तीन मिनिटं.
आणि उरलेला दिवसभर तिचा व्हॉल्व्ह उशिरा मिटणार,
साडेआठातलंही थोडं परत बाहेर सांडणार.
मोठी परात, पीठ मूठभर.

गोल जोडी बसवली.
तिसऱ्या किकला इंजिन लागलं,
दुसऱ्या किकनं मात्र नडगी सोलली.
शनिवारी पालच्या चढाला, मागे नळ्यांचं अख्खं बंडल,
गिअर न बदलता वर गेलो.
वरती थांबून कोणाला सांगावंसं वाटलं,
एक शेळीवाला होता, त्याला सांगितलं.

टोकदार जोडी कपाटात आहे,
घरी अजून क्लचप्लेटाच.
पुलावर, ट्रक नसला, की मूठ पिळतो
आणि मोजतो.

कृपालीनं माती परत मागितली.
हिरव्या चकतीवर व्हॉल्व्हची कोर उमटलेली, पहिल्या वेळची,
तळाशी कागदाएवढी पातळ.
"हे कोणी चावलं, पप्पा?"
कोणी नाही, म्हटलं.
थोडक्यात राहिलं.